पेशी एका धड्यात, वारसा दुसऱ्या धड्यात

दहावीच्या विद्यार्थ्याला पेशीविभाजनाच्या अवस्था विचाराव्यात. पूर्वावस्था, मध्यावस्था, पश्चावस्था, अंत्यावस्था असे तो एका दमात म्हणून दाखवतो. आकृत्याही रेखीव काढतो. त्याच विद्यार्थ्याला उंच आणि बुटक्या वाटाण्याचा संकर विचारावा. तो चौकट आखतो, चार घरे भरतो आणि खाली ३ : १ लिहितो. दोन्ही उत्तरांना पैकीच्या पैकी गुण मिळतात. आता तिसरा प्रश्न विचारावा : 'चौकटीच्या कडेला तू मोठे टी आणि छोटे टी ही अक्षरे वेगवेगळी लिहिलीस. ती वेगळी झाली कुठे? तू मघाशी ज्या आकृत्या काढल्यास, त्यांतल्या कोणत्या प्रकारच्या विभाजनात आणि कोणत्या अवस्थेत?' या प्रश्नाला सहसा उत्तर येत नाही. मुले हुशार नाहीत असे नव्हे. हा प्रश्न त्यांना कोणी विचारलेलाच नसतो, आणि पुस्तकाची मांडणी अशी असते की तो सुचूही नये.

या लेखात आम्हाला शालेय जीवशास्त्रातील या दोन धड्यांचे परीक्षण करायचे आहे. पेशीविभाजन आणि आनुवंशिकता हे वेगवेगळे विषय नाहीत. एकाच घटनेकडे पाहण्याच्या त्या दोन खिडक्या आहेत. एका खिडकीतून सूक्ष्मदर्शकाखालची गुणसूत्रे दिसतात, दुसरीतून शेतातली रोपे. दोन्ही खिडक्या एकाच खोलीत उघडतात हे विद्यार्थ्याला कळले नाही, तर एक धडा नावांचे पाठांतर होतो आणि दुसरा अक्षरांचा खेळ.

जोडायला सदतीस वर्षे लागली

विज्ञानाच्या इतिहासातही हे दोन प्रवाह आधी वेगळेच होते. ग्रेगोर मेंडेल याने १८५६ ते १८६३ या काळात ब्रनो येथील मठाच्या बागेत वाटाण्यावर प्रयोग केले. १८६५ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये त्याने ते तेथील निसर्गअभ्यास मंडळापुढे वाचले आणि १८६६ मध्ये ते छापून आले. मेंडेलला गुणसूत्रे ठाऊक नव्हती. त्याने फक्त मोजदाद केली आणि तर्क लढवला : प्रत्येक लक्षणासाठी रोपात दोन 'घटक' असले पाहिजेत, आणि युग्मक तयार होताना ते एकमेकांपासून वेगळे झाले पाहिजेत.

दुसरीकडे वॉल्टर फ्लेमिंग हा सॅलॅमँडरच्या अळ्यांच्या पेशी रंगवून पाहत होता. १८८२ च्या त्याच्या ग्रंथात सूत्री विभाजनाचे सविस्तर वर्णन आहे. १८८३ मध्ये बेल्जियमच्या व्हान बेनेडेन याने घोड्याच्या आतड्यातील जंतावर काम करून दाखवले की, अंडे आणि शुक्रपेशी दोन्ही सारख्याच संख्येने गुणसूत्रे देतात आणि ही संख्या शरीरपेशीतील संख्येच्या निम्मी असते. पण यांपैकी कोणीही वाटाणे मोजत नव्हते.

१९०० मध्ये मेंडेलच्या निबंधाकडे पुन्हा लक्ष गेले. १९०२ आणि १९०३ मध्ये वॉल्टर सटन या पंचविशीतल्या अमेरिकन विद्यार्थ्याने नाकतोड्याच्या वृषणातील पेशी पाहून दोन रकाने शेजारी शेजारी मांडले. गुणसूत्रे जोडीने असतात. घटकही जोडीने असतात. जोडीतले एक गुणसूत्र आईकडून आणि एक वडिलांकडून येते, घटकांचेही तसेच. युग्मक होताना जोडी फुटते. घटकांची जोडीही फुटते. त्याच सुमारास जर्मनीत थिओडोर बोव्हेरी समुद्री अर्चिनच्या अंड्यांवर काम करून असे दाखवत होता की, प्रत्येक गुणसूत्राचे काम वेगळे असते आणि गर्भाच्या नीट वाढीसाठी संपूर्ण संच लागतो. मेंडेलच्या व्याख्यानापासून सटनच्या निबंधापर्यंत सदतीस वर्षे गेली.

सटनचे दोन रकाने हा या विषयाचा गाभा आहे. फळ्यावर दहा मिनिटांत मांडता येईल इतकाच तो आहे. तरीही शालेय पुस्तकांत मेंडेलला फोटोसह पान मिळते, फ्लेमिंगच्या अवस्थांना आकृत्या मिळतात, आणि या दोघांची गाठ घालून देणारा सटन एखाद्या ओळीत येतो किंवा येतही नाही.

क्रमाचा प्रश्न

महाराष्ट्र राज्य मंडळाच्या नववीच्या २०१७ सालच्या पुस्तकात 'आनुवंशिकता व परिवर्तन' हा पाठ आहे. गुणसूत्रे, जनुके, मेंडेलचे संकर, आनुवंशिक विकृती हे सारे त्यात येते. सूत्री आणि अर्धगुणसूत्री विभाजन मात्र सविस्तर येते ते दहावीच्या २०१८ सालच्या पुस्तकात. म्हणजे युग्मकात घटकांची जोडी फुटते हे विद्यार्थी नववीत मानून चालतो, आणि ती फुटते कशी हे दहावीत पाहतो. तोवर मेंडेल मागच्या वर्गात राहिलेला असतो. एनसीईआरटीच्या अकरावी-बारावीच्या पुस्तकांत क्रम उलट आहे : पेशीचक्र अकरावीत, वारशाची तत्त्वे बारावीत. तेथे क्रम बरोबर असला, तरी मध्ये एका वर्षाची भिंत आहेच.

आधी लक्षणे दाखवावीत आणि मग यंत्रणा उलगडावी, असे नववी-दहावीच्या क्रमाच्या बाजूने म्हणता येईल. इतिहासही त्याच क्रमाने घडला. हा युक्तिवाद आम्हाला मान्य आहे, पण एका अटीवर. यंत्रणा उलगडल्यावर मागे वळून 'आता मेंडेलचे ते कोडे सुटले' असे म्हटले पाहिजे. कोडे नववीत घातले आणि उत्तर दहावीत दिले, पण हे त्या कोड्याचे उत्तर आहे हे सांगायचे राहिले, तर त्या क्रमाचा उपयोग काय?

आकृतीत हरवलेले

विद्यार्थ्याच्या मनात सर्वांत मोठा घोटाळा कोणता होतो, असे विचारले तर आमचे उत्तर असे : गुणसूत्राची जोडी म्हणजे काय, हेच त्याला नीट कळलेले नसते. पुस्तकात गुणसूत्र फुलीच्या आकाराचे काढलेले असते. फुलीला दोन उभे भाग असतात, म्हणून विद्यार्थी समजतो की हीच ती जोडी : एक भाग आईचा, एक वडिलांचा. वस्तुस्थिती तशी नाही. फुलीचे दोन भाग म्हणजे एकाच गुणसूत्राच्या दोन प्रती होत. विभाजनापूर्वी डीएनए दुप्पट झाला, त्यातून त्या तयार झाल्या आणि गुणसूत्रबिंदूपाशी अजून चिकटून आहेत. आईकडून आलेले गुणसूत्र ही एक फुली, वडिलांकडून आलेले ही दुसरी. समजातीय जोडी म्हणजे दोन फुल्या.

हा फरक कळला की दोन्ही विभाजनांतला फरक एका वाक्यात सांगता येतो. सूत्री विभाजनात सगळ्या फुल्या मध्यभागी एका रांगेत उभ्या राहतात आणि प्रत्येक फुली उभी चिरली जाते. अर्धगुणसूत्री विभाजनाच्या पहिल्या टप्प्यात फुल्या जोडीजोडीने उभ्या राहतात आणि जोड्या फुटतात, फुली अखंड राहते. दुसऱ्या टप्प्यात फुली चिरली जाते. मेंडेलचा विभक्तीकरणाचा नियम म्हणजे मुख्यतः या पहिल्या टप्प्यातील पश्चावस्था. वरच्या वर्गांसाठी एवढी पुस्ती जोडावी : पहिल्या पूर्वावस्थेत समजातीय गुणसूत्रे तुकड्यांची अदलाबदल करतात. जनुक आणि गुणसूत्रबिंदू यांच्या दरम्यान अशी अदलाबदल झाली असेल, तर त्या जनुकाची दोन रूपे दुसऱ्या टप्प्यात वेगळी होतात.

पुस्तकातील आकृत्या हे दाखवत नाहीत असे नाही. पण त्या आकृत्यांत जनुक कुठेच नसते. गुणसूत्रावर मोठे टी किंवा छोटे टी लिहिलेली आकृती पेशीविभाजनाच्या धड्यात विरळाच आढळते. फुलीच्या दोन्ही भागांवर तेच अक्षर आणि समोरच्या फुलीवर दुसरे अक्षर, एवढे दोन ठिपके वाढवले की तीच आकृती दोन्ही धड्यांची होते.

आणखी एक गोष्ट आकृतीत हरवते, ती म्हणजे काळ. अवस्था एकाखाली एक छापल्या की त्या घड्याळाच्या काट्याप्रमाणे एकामागून एक घडतात असे वाटते. स्त्रीच्या अंडपेशींचे अर्धगुणसूत्री विभाजन ती स्वतः आईच्या पोटात असतानाच सुरू होते आणि पहिल्या पूर्वावस्थेत थांबते. पुढे अंडमोचनाच्या वेळी, म्हणजे कित्येक वर्षांनी, पहिला टप्पा पुरा होतो. दुसरा टप्पा शुक्रपेशी आत शिरल्यावरच. या दीर्घ थांब्याचा आणि आईच्या वाढत्या वयाबरोबर डाऊन सिंड्रोमचे प्रमाण वाढण्याचा संबंध आहे. जोडी फुटायला हवी तेथे फुटली नाही की युग्मकात एक गुणसूत्र जादा जाते. लेज्यून आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकविसाव्या गुणसूत्राची तिसरी प्रत १९५९ मध्ये दाखवून दिली. पुस्तकात डाऊन सिंड्रोम 'विकृतींच्या यादीत' येतो. तो पश्चावस्थेच्या आकृतीशेजारी आला, तर यादी पाठ करण्याची गरज उरत नाही.

शब्दांचे सापळे

मराठीतून विज्ञान शिकवण्याचा आम्ही नेहमीच पुरस्कार करतो. म्हणूनच मराठी परिभाषेकडे टीकेच्या नजरेने पाहणे हे आमचे काम समजतो. 'अर्धगुणसूत्री विभाजन' हा शब्द घ्या. त्यातून गुणसूत्रांची संख्या निम्मी होते असे सांगायचे आहे. पण ऐकणाऱ्या मुलाला गुणसूत्र मधोमध तोडले जाते असे वाटते. त्यातच काही ठिकाणी फुलीच्या एका भागाला 'अर्धगुणसूत्र' म्हटले जाते. मग अर्धगुणसूत्री विभाजनात अर्धगुणसूत्रे वेगळी होतात, असे वाक्य विद्यार्थ्याने लिहिले तर त्याला दोष कसा द्यावा? शब्दानेच त्याला तिकडे नेले. शिवाय तो भाग अर्धा नसतोच. त्यात त्या गुणसूत्राचा संपूर्ण डीएनए असतो. त्याला 'प्रत' किंवा सरळ 'क्रोमॅटिड' म्हटल्याने मराठीचे काही बिघडणार नाही.

दुसरा सापळा 'प्रभावी' आणि 'अप्रभावी' या शब्दांचा. प्रभावी म्हणजे जोरकस, सरस, आणि म्हणून अधिक आढळणारे, असा अर्थ मुले घेतात. ओ रक्तगट अप्रभावी आहे आणि तो असणारी माणसे गावोगाव भरपूर आहेत. जादा बोट असणे पुष्कळदा प्रभावी पद्धतीने येते आणि ते दुर्मीळ आहे. प्रभावीपणाचा संबंध संख्येशी नाही, चांगले-वाईट असण्याशी तर नाहीच.

मेंडेलचा गोल आणि सुरकुतलेला वाटाणाच पाहा. १९९० मध्ये या जनुकाचे रेणवीय स्वरूप उलगडले. स्टार्चला फांद्या फोडणाऱ्या एका एन्झाइमचे ते जनुक आहे. सुरकुतलेल्या वाटाण्यात त्या जनुकात डीएनएचा एक तुकडा घुसलेला असतो. त्यामुळे एन्झाइम नीट बनत नाही, साखर साठते, साखरेमुळे दाण्यात पाणी अधिक शिरते आणि वाळताना दाणा सुरकुततो. संकरित दाण्यात जनुकाची एकच चांगली प्रत असते; दाणा गोल राहायला ती पुरते. पण त्याच संकरित दाण्यातले स्टार्चचे कण सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तर ते मधल्या प्रकारचे दिसतात. दाणा पाहिला तर एक रूप पूर्ण प्रभावी, कण पाहिले तर दोन्हींच्या मधले. म्हणजे प्रभावीपणा जनुकाच्या अंगी चिकटलेला नसतो. आपण कोणत्या पातळीवर पाहतो, यावर तो ठरतो.

तीनास एकचा खरा अर्थ

या सगळ्या चुकीच्या समजुतींत एक समजूत अशी आहे की तिची किंमत गुणपत्रिकेत नव्हे, घरात मोजावी लागते. ती ३ : १ या गुणोत्तराची.

मेंडेलला ७३२४ दाण्यांत ५४७४ गोल आणि १८५० सुरकुतलेले मिळाले. गुणोत्तर २.९६ : १. पुस्तकात बहुधा एवढेच येते, किंवा नुसते ३ : १ येते. मेंडेलने त्याच निबंधात आणखीही काही आकडे दिले आहेत. एका रोपावर ४३ गोल आणि अवघे २ सुरकुतलेले दाणे होते. दुसऱ्या एका रोपावर १४ गोल आणि १५ सुरकुतलेले. हे आकडे त्याने लपवले नाहीत. हजारो दाण्यांची बेरीज केल्यावर जे गुणोत्तर दिसते, ते एका रोपावर दिसेलच असे नाही, हे त्याला दाखवायचे होते. शालेय पुस्तकांतून हे दोन आकडे गळले आणि त्यांच्यासोबत संभाव्यतेची सगळी कल्पनाच गळाली.

आता चौकटीत वाटाण्याच्या जागी सिकलसेल ठेवा. महाराष्ट्रात नंदुरबार, गडचिरोली, चंद्रपूर अशा जिल्ह्यांत हा आजार आदिवासी आणि इतर काही समाजांत आढळतो. केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली. ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी हे तिचे उद्दिष्ट होते. तपासणीत 'एएस' म्हणजे वाहक आणि 'एसएस' म्हणजे रुग्ण अशी अक्षरे येतात. ती अक्षरे पुस्तकातल्या चौकटीतलीच आहेत. राज्य मंडळाने नववीच्या पुस्तकात सिकलसेलला जागा दिली, हे फार चांगले झाले. पण आई-वडील दोघेही वाहक असताना चारांपैकी एक अपत्य रुग्ण, असे चौकटीवरून वाचले की ऐकणारा काय समजतो? 'पहिले मूल आजारी निघाले, आता पुढची तीन सुखरूप.' किंवा 'तीन चांगली झाली, आता चौथ्याची पाळी.' दोन्ही समजुती चूक आहेत आणि दोन्ही एखाद्या कुटुंबाचा निर्णय फिरवू शकतात.

चौकटीतली चार घरे म्हणजे चार मुले नव्हेत. त्या प्रत्येक मुलाच्या बाबतीतल्या चार शक्यता आहेत. प्रत्येक वेळी दोन्ही नाणी नव्याने उडवली जातात. आधी काय पडले हे नाण्याला ठाऊक नसते. हिशोब करून पाहावा. दोघेही वाहक असलेल्या जोडप्याला चार मुले झाली, तर चारही मुले आजारातून सुटण्याची शक्यता २५६ पैकी ८१, म्हणजे सुमारे ३२ टक्के. नेमके एक मूल आजारी असण्याची २५६ पैकी १०८, म्हणजे सुमारे ४२ टक्के. दोन किंवा अधिक मुले आजारी असण्याची २५६ पैकी ६७, म्हणजे सुमारे २६ टक्के. 'चारांत एक' हे जे चित्र पुस्तक मनावर ठसवते, ते निम्म्याहून अधिक कुटुंबांत खरे ठरत नाही.

याच उदाहरणात वर सांगितलेल्या प्रभावीपणाच्या पातळ्याही दिसतात. आजार पाहिला तर एस अप्रभावी आहे, कारण वाहक सहसा निरोगी असतो. रक्तातले हिमोग्लोबिन तपासले तर वाहकात दोन्ही प्रकार आढळतात. कोणीही कोणाला झाकत नाही. आणि वाहकांना तीव्र मलेरियापासून काही संरक्षण मिळते, हे ॲलिसन यांनी १९५४ मध्ये आफ्रिकेतील अभ्यासातून मांडले. वाहक असणे हा आजार नव्हे, आणि ते कोणा एकाचे पाप तर नव्हेच. रुग्ण मुलाला एक एस आईकडून आणि एक वडिलांकडून आलेला असतो. 'सुनेने आजार आणला' हे वाक्य जीवशास्त्राच्या साध्या चौकटीपुढे टिकत नाही. मात्र ती चौकट मुलांना नीट वाचता आली पाहिजे. आपल्या वर्गात बसलेल्यांपैकी कोणाच्या घरी तसे कार्ड आले असेल, हे शिक्षकाला ठाऊक नसते.

जीभ, कान आणि शंका

घरोघरी जाऊन कोणाची जीभ नळीसारखी वळते आणि कोणाची कानाची पाळी सुटी आहे याची नोंद करा, असा गृहपाठ लोकप्रिय आहे. एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकात कानाच्या पाळीचा उपक्रम अनेक वर्षे छापला गेला. फुकटात होतो, मुलांना आवडतो. पण तो विज्ञान म्हणून उभा राहत नाही.

जीभ वळण्याच्या वारशाविषयी आल्फ्रेड स्टर्टेव्हंट यांनी १९४० मध्ये लिहिले. १९५२ मध्ये फिलिप मॅटलॉक यांनी ३३ एकरूप जुळ्या जोड्या तपासल्या. त्यांपैकी ७ जोड्यांत एकाची जीभ वळत होती, दुसऱ्याची नाही. जनुके तीच असताना हा फरक पडतो, तर एका जनुकाचा साधा नियम येथे लागू नाही हे उघड आहे. १९६५ मध्ये स्टर्टेव्हंट यांनी स्वतःच हे मान्य केले आणि पुस्तके हे उदाहरण अजून सिद्ध नियम म्हणून देतात याबद्दल संकोच व्यक्त केला. कानाच्या पाळीबाबत २०१७ मध्ये सुमारे ७५ हजार लोकांच्या अभ्यासात ४९ जनुकीय जागांचा संबंध आढळला.

चुकीचे उदाहरण नुसते चुकीचे असते तर एवढे लिहायचे कारण नव्हते. पण 'न वळणारी जीभ अप्रभावी' असे शिकवल्यावर, ज्या मुलीची जीभ वळते आणि आई-वडील दोघांचीही वळत नाही, तिने काय समजावे? पुस्तकाच्या नियमाप्रमाणे ती त्यांची मुलगी असू शकत नाही. एका हलक्याफुलक्या उपक्रमाने एवढी शंका मुलाच्या मनात पेरण्याचा अधिकार आपल्याला नाही. हाच उपक्रम 'माणसामाणसांत विविधता किती असते' एवढ्यापुरता ठेवावा, वारशाच्या नियमाशी त्याची सांगड घालू नये.

मुलगा की मुलगी

लिंगनिश्चितीच्या आकृतीखाली अनेक पुस्तकांत आणि भिंतीपत्रकांत 'मुलगा किंवा मुलगी होण्यास पिता जबाबदार' असे वाक्य असते. हेतू चांगला आहे. मुलगी झाली म्हणून बाईला छळणाऱ्या समाजात हे सांगणे निकडीचे होते आणि आहे. गर्भलिंगपरीक्षेविरुद्ध महाराष्ट्राने १९८८ मध्ये कायदा केला, केंद्राने १९९४ मध्ये. त्या लढ्यातही हे वाक्य उपयोगी पडले.

तरीही ते पूर्ण खरे नाही. 'जबाबदार' या शब्दात दोष आणि निवड दोन्ही येतात. वडिलांच्या शुक्रपेशींपैकी निम्म्यांत एक्स आणि निम्म्यांत वाय गुणसूत्र जाते, कारण अर्धगुणसूत्री विभाजनात ती जोडी फुटते. यात वडिलांची इच्छा चालत नाही. कोणती शुक्रपेशी अंड्यापर्यंत पोहोचेल, यावरही कोणाचा ताबा नसतो. आईवरचा आरोप काढून तो वडिलांवर ठेवला, तर मुलगी होणे हा आरोपाचा विषय आहे हे गृहीत धरल्यासारखे होते. पेशीविभाजनाची आकृती शेजारी ठेवली की आरोपालाच जागा उरत नाही. पुस्तकाने एवढे धाडस करावे.

वर्गात काय करता येईल

अभ्यासक्रम ठरवणे शिक्षकाच्या हाती नसते आणि तासिका मोजक्या असतात, हे आम्ही जाणतो. पुढील गोष्टींना मात्र दोन-तीन तासिकांपेक्षा जास्त वेळ लागत नाही.

पहिली गोष्ट लोकरीची. लाल लोकर आईची, निळी वडिलांची. लांब, मध्यम, आखूड अशा तीन जोड्या कराव्यात. प्रत्येक धाग्याची त्याच रंगाची प्रत करून दोन्ही प्रती एका बटणाने जोडाव्यात. धाग्यावर कागदाची चिठ्ठी लावून जनुकाचे अक्षर लिहावे. जमिनीवर खडूने पेशी आखून मुलांनी आधी सूत्री आणि मग अर्धगुणसूत्री विभाजन करून दाखवावे. तीन जोड्यांतून युग्मकांचे ८ प्रकार निघतात हे मुले स्वतः मोजतात. मग माणसाच्या २३ जोड्यांचा हिशोब करायला सांगावा : ८३,८८,६०८. तोही अदलाबदल न धरता. एकाच आई-बापांची भावंडे सारखी का नसतात, हे वेगळे सांगावे लागत नाही.

दुसरी गोष्ट कांद्याची. मुळाच्या टोकाचा प्रयोग सर्वत्र होतो. त्यात फक्त सूत्री विभाजन दिसते. अर्धगुणसूत्री विभाजन विद्यार्थ्याने कधी पाहिलेलेच नसते. ज्या भागात कांद्याचे बी धरले जाते, तेथे डेंगळ्यावरचे लहान मोठे न उमललेले कळे आणावेत. अल्कोहोल ३ भाग आणि ग्लेशियल ॲसिटिक आम्ल १ भाग या मिश्रणात ते एक दिवस ठेवावेत आणि परागकोश ॲसिटोकार्मिनमध्ये चेपून पाहावेत. हे द्रावण शिक्षकांनीच हाताळावे. नेमक्या वयाचा कळा सापडायला चार-सहा प्रयत्न लागतात. सापडला की मुळाच्या पेशीत जेथे १६ गुणसूत्रे असतात, तेथे ८ जोड्या उभ्या दिसतात. मेंडेलने जे नुसते तर्काने ओळखले, ते शाळेच्या सूक्ष्मदर्शकात डोळ्यांनी दिसते.

तिसरी गोष्ट प्रश्नांची. परीक्षेत विचारले जाते तेच शिकवले जाते. म्हणून चाचणीत असे प्रश्न घालावेत :

१. संकरित उंच रोपाच्या पेशीत अर्धगुणसूत्री विभाजनाची पहिली पश्चावस्था काढा आणि दोन्ही जनुकांची अक्षरे योग्य जागी लिहा.

२. दोन नाणी ४० वेळा उडवून निकाल नोंदवा. तुमचा निकाल आणि शेजाऱ्याचा निकाल वेगळा का? साऱ्या वर्गाची बेरीज केल्यावर काय दिसते?

३. आई-वडील दोघेही सिकलसेलचे वाहक आहेत. त्यांची पहिली दोन मुले रुग्ण आहेत. तिसरे मूल रुग्ण असण्याची शक्यता किती? कारण द्या.

४. अशा जोडप्याचा एक मुलगा रुग्ण नाही, एवढेच माहीत आहे. तो वाहक असण्याची शक्यता किती?

चौथ्या प्रश्नाचे उत्तर 'निम्मी' असे येईल. ते तीनांत दोन असे आहे, कारण रुग्णाचे घर वगळल्यावर तीनच घरे उरतात आणि त्यांतली दोन वाहकाची असतात. हा प्रश्न फळ्यावर सोडवताना वर्गात वाद झाला तर तो होऊ द्यावा. उद्या लग्नापूर्वी तपासणी करावी की नाही, हे ठरवताना त्या मुलांना याच उत्तराची गरज पडणार आहे.

पुस्तके पुन्हा लिहिली जातील तेव्हा आमची मागणी मोठी नाही : दोन्ही धड्यांत एक सामायिक आकृती, सटनच्या दोन रकान्यांना अर्धे पान, मेंडेलच्या त्या दोन विचित्र रोपांचे आकडे, आणि जीभ-कानाच्या उदाहरणांना रजा. तोपर्यंत हे काम शिक्षकांनाच करावे लागेल. डेंगळ्याच्या कळ्यांवर ज्यांनी हा प्रयोग केला असेल, त्यांनी कळ्याची लांबी आणि महिना कळवावा. इतर शाळांचे चार-सहा प्रयत्न वाचतील.